पाचव्या पानानंतर

‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ या अमेरिकन चित्रकथा-मासिकाचा ३३वा अंक. मुखपृष्ठावर महिना फेब्रुवारी १९६६, किंमत १२ सेंट. आत कथेची २० पाने. शीर्षक ‘द फायनल चॅप्टर!’, म्हणजे अखेरचे प्रकरण, आणि त्यापुढे त्या काळच्या या मासिकांना कधीच सोडवले नाही ते उद्गारचिन्ह. एवढ्या ऐवजावर लेख लिहायचा विचार आहे असे मी विभागात बोललो, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. त्या नजरेतला प्रश्न मला अपरिचित नव्हता. काही वर्षांपूर्वी मीही दुसऱ्या कुणाकडे तसाच पाहिले असते.

आमच्या पिढीच्या वाचनात चित्रकथा नव्हती असे मुळीच नाही. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ होता, जादूगार मँड्रेक होता, अमर चित्र कथेतले देवादिक होते. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडले आणि साधारण त्याच सुमारास आम्हीही मोठे होऊ लागलो. म्हणजे चित्रे नसलेली पुस्तके वाचणे यालाच मोठेपण म्हणतात, अशी समजूत करून घेतली. पुढे मराठीत एम.ए. झाल्यावर आणि वर्गात सौंदर्यशास्त्र शिकवू लागल्यावर ती समजूत अधिकच पक्की झाली. ती मोडायला एक आजार कारणीभूत झाला.

मार्च २०२१ च्या अखेरीस मला करोना झाला. महाविद्यालयात दप्तराच्या कामासाठी जाणे-येणे सुरू होते, तिथेच कुठेतरी तो लागला असावा. दोन दिवस ताप, थोडा खोकला, तोंडाची चव गेलेली, एवढ्यावर निभावले. मला माडीवरच्या खोलीत वेगळे ठेवण्यात आले. ती खोली एरवी मुलाची. त्याच्या फळीवर स्पायडर-मॅनच्या जुन्या अंकांचे एक जाडजूड पुनर्मुद्रण होते. कागद स्वस्त, छपाई काळीपांढरी. जेवणाचे ताट दाराबाहेर ठेवून जिना उतरणारी पावले ऐकत मी ते वाचू लागलो. तिसऱ्या दिवशी ३३व्या अंकापाशी आलो. चौथ्या दिवशी खालून अण्णांचा खोकला ऐकू आला.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडे मी पुन्हा येणारच आहे. पण आधी कथा सांगितली पाहिजे.

पीटर पार्कर हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारा अनाथ मुलगा. बेन काका आणि मे काकू यांनी त्याला वाढवलेले. किरणोत्सारी कोळी चावल्यामुळे त्याच्या अंगी अचाट शक्ती येते; त्या शक्तीच्या तोऱ्यात तो समोरून पळणाऱ्या एका चोराला अडवत नाही आणि तोच चोर पुढे बेन काकांचा खून करतो. ऑगस्ट १९६२ मध्ये ‘अमेझिंग फँटसी’ या मासिकाच्या १५व्या अंकात ही जन्मकथा आली. सुपरहिरो या प्रकाराचा नायक तोवर बहुधा शक्तीतून जन्माला येत असे. हा अपराधातून जन्मला.

मार्च १९६४ च्या १०व्या अंकात आजारी मे काकूंना रक्त द्यावे लागते आणि पीटर आपले रक्त देतो. पुतण्याने काकूला रक्त दिले, यात कुणालाही वावगे दिसत नाही. डिसेंबर १९६५ च्या ३१व्या अंकात काकू कोसळतात आणि पुढच्या अंकात डॉक्टर निदान करतात: त्यांच्या रक्तात किरणोत्सारी द्रव्य सापडले आहे, आणि तेच त्यांचा जीव घेत आहे. ते कुठून आले हे डॉक्टरांना उमगत नाही. जगात फक्त एकाला ते ठाऊक आहे, आणि त्याला ते कुणाला सांगता येत नाही. उपायाची आशा आहे ती ‘आयएसओ-३६’ नावाच्या एका दुर्मिळ औषधाची. पीटर आपली प्रयोगाची उपकरणे देऊन पैसे उभे करतो, औषध मागवतो. पण ते वाटेतच डॉक्टर ऑक्टोपसची माणसे पळवतात. त्यांच्या मागावर तो पाण्याखालच्या त्यांच्या तळापर्यंत पोहोचतो, आणि झटापटीत एक प्रचंड यंत्र त्याच्या अंगावर कोसळते. औषधाचा डबा समोर पडलेला आहे, हाताला लागणार नाही इतक्याच अंतरावर. वरच्या छतातून पाणी ठिबकू लागले आहे. ३२वा अंक इथे संपतो आणि ३३वा इथेच सुरू होतो.

या अंकाची ख्याती आहे ती त्याच्या पहिल्या पाच पानांसाठी. सुपरहिरो चित्रकथांवर गंभीरपणे लिहिणाऱ्यांनी ती पुन्हापुन्हा वाखाणली आहेत. ती ख्याती अनाठायी नाही. पहिल्या पानावर एकच मोठे चित्र आहे: वर यंत्राचे अजस्र धूड, खाली त्यात चेचलेला माणूस. पाचव्या पानावर पुन्हा पानभर एकच चित्र: तेच यंत्र, तोच माणूस, पण आता दोन्ही हातांनी ते धूड डोक्यावर पेलून ताठ झालेला. या दोन चित्रांच्या मध्ये तीन पाने आहेत, आणि त्या तीन पानांत घटना म्हणावी अशी एकच: एक माणूस वजन उचलण्याचा प्रयत्न करतो. शत्रू नाही, संवाद नाही, स्थळबदल नाही. आधी तो प्रयत्न करतो आणि हरतो. मग डब्याकडे पाहतो. काका आणि काकू यांचे चेहरे त्याच्या मनात तरळतात. पुन्हा प्रयत्न करतो. पाणी ठिबकतच असते. सुरुवातीच्या चौकटी लहान, कोंडलेल्या. हात, मुखवटा, थेंब, डबा असे तुकडे तेवढे दाखवणाऱ्या. यंत्र जसे तसूतसूने वर सरकू लागते तशा चौकटी मोठ्या होत जातात, आणि पाचवे पान उलटताच पानालाच जणू श्वास घ्यायला जागा मिळते.

मर्ढेकरांनी कलाकृतीच्या लयीचे जे तीन नियम सांगितले, संवाद, विरोध आणि समतोल, ते वर्गात शिकवताना मी आजवर कवितेच्या ओळी घेत आलो. माडीवरच्या त्या खोलीत मला प्रथमच वाटले की हे नियम डोळ्यांना दिसतील असे दाखवायचे तर ही पाच पाने फळ्यावर लावावीत. यंत्राच्या ठोकळेबाज सरळ रेषा आणि त्याखाली वाकलेल्या शरीराची वक्र रेषा यांचा विरोध. थेंबाचा आणि श्वासाचा संवाद. आणि ज्या दोन चित्रांत वजनाचे व माणसाचे नाते नेमके उलटे होते, त्यांचा समतोल. रंग नसलेल्या प्रतीत हे अधिकच स्पष्ट दिसते, कारण तिथे चित्रकाराची रेषा आणि शाई यांखेरीज मध्ये काहीच येत नाही.

हे पाहताना मला वेरूळचे स्मरण झाले आणि ते मला ओढूनताणून वाटले नाही. सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यात, कैलास मंदिराच्या अंगावर, कैलास पर्वत हलवणाऱ्या रावणाचे शिल्प आहे. वर शिवपार्वती, दचकलेली पार्वती शिवाला बिलगलेली. आणि खाली, खोल कोरलेल्या अंधाऱ्या पोकळीत, पर्वताखाली बळ लावणारा रावण. भाराची जाणीव दगडात कशी आणावी, याचे उत्तर त्या शिल्पकाराने अवकाशात शोधले: रावणाभोवती त्याने अंधार ठेवला. डिट्कोने कागदावर शोधलेले उत्तर त्याच जातीचे आहे. त्याने माणसाभोवती चौकट आवळली. आपल्याकडे उचलण्याची दुसरी प्रतिमा गोवर्धनधारी कृष्णाची. पण कृष्णाची करंगळी दमत नाही; ती लीला आहे. रावणाच्या उचलण्यात मद आहे. या मुलाच्या उचलण्यात लीलाही नाही आणि मदही नाही. उशीर होईल ही भीती तेवढी आहे.

कलेच्या दृष्टीने आणखी एक अडचण डिट्कोने स्वतःवर ओढवून घेतलेली आहे. स्पायडर-मॅनचा मुखवटा संपूर्ण चेहरा झाकणारा. डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या काचा. भुवई नाही, ओठ नाहीत, घाम नाही. भरताच्या परिभाषेत बोलायचे तर सात्त्विक अभिनयाचे दारच इथे बंद आहे. जे सांगायचे ते आंगिक अभिनयानेच सांगावे लागते: बोटांची ताणलेली पेरे, खाली लोंबलेले डोके, खांद्याची उतरण. या पाच पानांत आपण वेदना पाहतो ती एका चेहरा नसलेल्या शरीरात, आणि तरीही त्या शरीराच्या मनःस्थितीविषयी आपल्याला क्षणभरही संदेह राहत नाही.

शब्दांविषयी मात्र इतके चांगले बोलता येणार नाही. या मासिकाची रीत अशी की आधी चित्रे काढली जात आणि मग स्टॅन ली त्यांत संवाद भरी. या काळात तर कथानक रचण्याचे श्रेयही डिट्कोच्या नावावर छापले जात होते. दोघांचे परस्परांशी बोलणे जवळजवळ बंद झाले होते, आणि ३८व्या अंकानंतर, १९६६ मध्येच, डिट्कोने हे मासिक सोडले. त्यामुळे चित्र एक सांगते आणि फुग्यातला मजकूर तेच दुसऱ्यांदा, चढ्या आवाजात सांगतो, असे अनेकदा होते. वाकलेली पाठ दिसत असताना ‘मला हे सहन होत नाही’ हे वाक्य कशाला हवे? तथापि एक गोष्ट लीच्या बाजूने नोंदवली पाहिजे. वाचकाचा डोळा त्या मजकुरावर रेंगाळतो, पान भर्रकन उलटले जात नाही, आणि यंत्राखालचा तो वेळ वाचकालाही काढावा लागतो. कीर्तनात निरूपण लांबले तरी आख्यानाची ओढ टिकते, तसे काहीसे.

हे सगळे मी पहिल्या वाचनात टिपले होते, अक्षरशः एका कागदावर. त्यावर तारीखही आहे. मग विलगीकरणाचे दिवस संपले आणि मी जिना उतरलो, तो अण्णांना दवाखान्यात दाखल करून झाले होते.

एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात रेमडेसिव्हिरसाठी ज्या रांगा लागल्या त्या ज्यांनी पाहिल्या त्यांना वर्णनाची गरज नाही. डॉक्टरांची चिठ्ठी, तपासणीचा अहवाल आणि आधार कार्डाची प्रत हातात धरून माणसे औषधांच्या घाऊक दुकानांसमोर रात्रभर उभी असत. सहा कुप्यांचा कोर्स: पहिल्या दिवशी दोन, मग रोज एक. दोन कुप्या मला दुसऱ्या दिवशी मिळाल्या. उरलेल्या चार शेजारच्या जिल्ह्यातून, एका मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून आणल्या. येताना पिशवी मी पोटाशी धरली होती. त्या प्रवासात मला ३३वा अंक आठवला असे म्हणणे फार साहित्यिक होईल. काहीही आठवले नाही. पुढच्या चौकीवर अडवले तर कोणता कागद आधी दाखवायचा, एवढाच विचार होता.

चार कुप्या दिल्या गेल्या. त्यानंतरच्या पहाटे अण्णा गेले. दोन कुप्या उरल्या, त्या मी मार्गिकेत बसलेल्या एका अनोळखी माणसाला दिल्या. त्याची बायको आत होती.

ज्या औषधासाठी आम्ही सारे धावत होतो, ते करोनाच्या रुग्णांना देण्याची शिफारस नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच म्हटले होते, हे मी पुढे वाचले. त्याने मृत्यू टळतात असा पुरावा तेव्हा त्यांना दिसला नव्हता. ती शिफारस २०२२ मध्ये काही रुग्णांपुरती बदलली, पण अण्णांसारख्या अत्यवस्थ रुग्णांसाठी नव्हे. म्हणजे यंत्र उचलले, डबा मिळवला, तो वेळेवर पोहोचवला. आणि डब्यात जे होते त्याने बहुधा काहीच होणार नव्हते. त्याहून अधिक छळत होते ते तारखांचे गणित. मला ताप आला तो दिवस, अण्णांना खोकला सुरू झाला तो दिवस. “कुणाकडूनही आला असेल, सगळ्या गल्लीत होता,” असे बायको म्हणे. डॉक्टरांनी तर विचारलेही नाही.

पीटरच्या काकूंच्या रक्तात काय आहे हे डॉक्टरांना कळले, कुणाचे आहे ते कळले नाही.

त्या वर्षी ते पुस्तक मी पुन्हा उघडले नाही. एकदा फळीवर दिसले तेव्हा, खरे सांगायचे तर, राग आला. या कथेत औषध लागू पडते. एका रात्रीत. आम्हाला वीस पानांत काकू वाचवून दाखवणारी ही कथा कुणाचे सांत्वन करते, असे वाटले. समीक्षक म्हणून माझी ती प्रतिक्रिया कच्ची होती हे मला तेव्हाही कळत होते. पण कळून उपयोग नव्हता.

पुढच्या वर्षी, मुलगा अकरावीत गेल्यावर, त्याने खोली आवरायला काढली. रद्दीचा ढीग वेगळा, ठेवायच्या पुस्तकांचा वेगळा. ते पुस्तक कुठल्या ढिगात ठेवावे असा त्याला प्रश्न पडलेला दिसला. मी म्हटले, ठेव. त्यातला एक अंक फार चांगला आहे. कोणता, ते त्याला लगेच कळले. तो म्हणाला, “बाबा, पण तो उचलणारच होता ना? त्याच्यात ताकद आहेच. मग त्यात काय एवढं?”

प्रश्न साधा होता आणि समीक्षेच्या दृष्टीने अचूक होता. ज्याच्या अंगी शक्ती आहे त्याने वजन उचलले तर त्यात वीररस कुठे? वीररसाचा स्थायीभाव उत्साह, आणि उत्साहाला समोर कुणीतरी लागते. इथे तर डॉक्टर ऑक्टोपस जवळजवळ गैरहजरच आहे. मी मुलाला तेव्हा उत्तर दिले नाही. पुस्तक घेऊन बसलो, आणि या खेपेस मला प्रथमच लक्षात आले की पहिल्या वाचनात मी पाचव्या पानापाशी थांबलो होतो. पुढची पंधरा पाने वाचली होती, पण पाहिली नव्हती. माझ्या त्या कागदावर त्यांच्याविषयी एक ओळही नव्हती.

अंक पाचव्या पानावर संपत नाही, हीच त्याची खरी थोरवी आहे. दुसऱ्या कुणी हे यंत्र वीसाव्या पानावर उचलायला लावले असते आणि त्यावर पडदा पाडला असता. डिट्कोने ते पाचव्या पानावर उचलवले. म्हणजे एक चतुर्थांश अंकात पराक्रम आटोपला. उरलेल्या तीन चतुर्थांशात काय आहे? हेलपाटे आहेत. छत फुटून पाणी आत घुसते, पाय दुखावलेला, श्वास कोंडलेला, आणि त्यात डबा हातचा सुटू द्यायचा नाही. बाहेर पडतो तो ऑक्टोपसच्या माणसांच्या गराड्यात. तिथली मारामारी मी पाहिलेल्या सुपरहिरो-मारामाऱ्यांत सर्वांत थकलेली आहे. उड्या नाहीत, कोट्या नाहीत. शुद्ध हरपण्याच्या काठावर उभे राहून तो हात चालवतो आहे, कारण हात थांबला तर तो पडेल. तिथून डॉ. कॉनर्स यांच्या प्रयोगशाळेत. औषध तपासून पाहण्यासाठी तिथे रक्त लागते, आणि तो आपलेच रक्त देतो. ज्या रक्ताने काकूंना या दशेला आणले त्याच रक्तावर त्यांचे औषध पारखले जाते. लेखनात ही गोष्ट एखाद्या कादंबरीकाराने दोन पाने घोळवली असती. इथे ती एक काम म्हणून उरकली जाते. मग रुग्णालय. मग वाट पाहणे. वाट पाहायच्या त्या वेळातही वृत्तपत्राची कचेरी गाठून जेमसनला छायाचित्रे विकायची, कारण पैशाची निकड संपलेली नाही. तिथे बेटी ब्रँट त्याचा सुजलेला, खरचटलेला चेहरा पाहते आणि सहन न होऊन पळून जाते. आणि मग पुन्हा रुग्णालय.

पहिल्या पानांत मुखवट्यामुळे झाकलेला चेहरा आता उघडा आहे, आणि त्यावर डिट्कोने काय रेखाटले आहे? जवळजवळ काहीच नाही. विजय नाही, आक्रोश नाही. पापण्या जड झालेला, साध्या कोटातला एक मुलगा रस्त्याने चालतो आहे. ज्या शरीराने यंत्र पेलले ते आता नुसते चालताना खांद्यातून खचलेले दिसते. पाचव्या पानावरचे चित्र कुणीही लक्षात ठेवील. हे चालणे काढायला अधिक मोठा चित्रकार लागतो.

दोष आहेत. औषधाचे विज्ञान बाळबोध आहे. बेटीला रडण्यापलीकडे लेखकाने काही दिलेले नाही. पण एका बाबतीत हा अंक अत्यंत प्रामाणिक आहे. काकू वाचतात, तरी पीटरला निर्दोष कुणी ठरवत नाही. ‘यात तुझा दोष नव्हता’ हे वाक्य २० पानांत कुठेही येत नाही. येऊच शकत नाही, कारण ते म्हणण्याइतके कुणाला ठाऊकच नाही. काकू बऱ्या झाल्या म्हणून रक्त कुणाचे होते हे पुसले जात नाही. मला या कथेचा राग आला होता तो औषध लागू पडले म्हणून. पण औषध लागू पडणे हे कथेच्या हातात होते, पीटरच्या नव्हे. त्याच्या हातात हेलपाटे होते, ते त्याने घातले. डब्यात काय निघेल हे त्यालाही, मोटरसायकलच्या मागे बसलेल्या माणसाइतकेच, ठाऊक नव्हते. हे लक्षात आल्यावर माझा राग ओसरला. अपराधाची जाणीव ओसरली असे मी म्हणणार नाही.

शिक्षक म्हणून आणखी एक गोष्ट मला टोचली. या प्रकरणाच्या पहिल्या भागात, ३१व्या अंकात, पीटरचा महाविद्यालयातला पहिला दिवस आहे. ग्वेन स्टेसी, हॅरी ऑसबर्न ही मुले त्याच्याशी ओळख करू पाहतात आणि हा लक्षच देत नाही. काकूंच्या काळजीने त्याला समोरचे दिसतही नाही. त्यांना तो शिष्ट वाटतो. २०२१ नंतर वर्ग पुन्हा भरू लागले तेव्हा माझ्याही वर्गात अशी मुले होती. हाक मारली तरी न ऐकणारी, खिडकीकडे पाहणारी. पहिल्या महिन्यात मी त्यांतल्या एकाला सर्वांदेखत बोललो होतो. त्याच्या घरी काय झाले होते ते मला दिवाळीनंतर कळले.

मी पुस्तक मुलाला परत दिले आणि म्हटले, “पाचव्या पानाच्या पुढचं वाच, मग सांग त्यात काय एवढं ते.” त्याने ते रद्दीच्या ढिगावर बसूनच वाचले. वेळ लागला. मग म्हणाला, “हा सगळीकडे दमलेलाच आहे.”

“हो.”

“आणि कुणाला सांगतच नाही. रक्ताचं.”

“कुणाला सांगणार?”

तो पाने चाळत राहिला. मग वर न पाहता त्याने विचारले, “आजोबांना तुमच्यामुळे झालं असं तुम्हाला वाटतं का?”

हा प्रश्न मला वर्षभरात कुणी विचारला नव्हता. मी म्हटले, “वाटतं.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. खालच्या मजल्यावर मिक्सर सुरू झाला आणि बंद झाला. मग तो म्हणाला, “मला वाटत होतं माझ्यामुळे झालं. तेव्हा आमची नववीची शाळा सुरू होती ना. मला काहीच झालं नव्हतं, पण नसतं पण होत म्हणतात काहीकाही जणांना. आधी तुम्हाला दिलं असेल, मग आजोबांना.”

एकाच घरात, एकाच जिन्याच्या वर आणि खाली, आम्ही दोघे वर्षभर त्याच यंत्राखाली होतो, आणि एकमेकांचा श्वास आम्हाला ऐकू आला नव्हता. मी त्याला सांगू लागलो की तसे नसेल, गल्लीत सगळीकडेच होता, कुणाकडूनही आला असेल. सांगताना ऐकू आले की हे माझ्या बायकोचेच शब्द आहेत, आणि ते खरे आहेत.

ते पुस्तक आता माडीवरच्या फळीवर आहे.